शंभर टक्के, पण कुणासाठी?

असेंबल्ड पीसी विकणाऱ्या दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो हमखास येतो. मोबाइलने स्क्रीनचाच काढलेला, किंचित तिरका, कोपऱ्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. टास्क मॅनेजरमधलं डिटेल्सचं पान उघडलेलं असतं आणि एका ओळीभोवती बोटाने लाल वर्तुळ ओढलेलं असतं: सिस्टम आयडल प्रोसेस, ९७. खाली मजकूर. "दादा, कालच मशीन नेलं. ही कसली तरी प्रोसेस ९७ टक्के सीपीयू खातेय. एंड टास्क केलं तरी जात नाही. व्हायरस तर नाही ना?"

"अहो साहेब, तेवढा प्रोसेसर रिकामा आहे. झोपा आता," असं उत्तर जातं.

उत्तर बरोबर असतं, पण गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही. त्याचीही चूक नाही. रिकामपणाला नाव दिलं, नावापुढे आकडा लावला आणि कामाच्या यादीत नेऊन बसवलं, तर कुणीही बिचकेल. विंडोजला मात्र असं करण्यावाचून गत्यंतर नसतं. प्रोसेसरला कुठल्याही क्षणी कुठली ना कुठली सूचना पाळायचीच असते, म्हणून करण्यासारखं काही नसेल तेव्हा त्याच्या हाती द्यायला शून्य क्रमांकाची ही प्रोसेस ठेवलेली असते. ती प्रोसेसरला फक्त 'थांब' म्हणते. ही थांबण्याची सूचना इंटेलच्या ८०८६ पासून चिपमध्ये आहे. विंडोज ९५ मात्र ती देत नसे. करण्यासारखं काही नसलं तरी प्रोसेसर तापत राही, म्हणून हौशी लोक 'रेन', 'वॉटरफॉल' असल्या नावांचे छोटे प्रोग्रॅम उतरवून त्याला विश्रांती घ्यायला लावत. आजचा प्रोसेसर रिकाम्या वेळात कित्येक पायऱ्या खाली उतरून झोपतो आणि हाक आली की सेकंदाच्या अगदी बारीक अंशात जागा होतो.

तरीही सगळेच फोटो असे निघत नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, मदरबोर्ड आणि कॅबिनेटची खोकी सांभाळत ग्रँट रोड स्टेशन गाठणारी मुलं घरी येऊन रात्रभर जागून मशीन जोडतात. पहिल्यांदा स्क्रीन उजळते तेव्हाचा आनंद वेगळाच. मग विंडोज पडतं, ड्रायव्हर पडतात, सगळं बंद करून मुलगा खुर्चीत रेलतो, आणि पंखा घोंघावायला लागतो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. सीपीयू ३८ टक्के. एकही खिडकी उघडी नाही. एवढे पैसे घालून आठ कोअरचा प्रोसेसर घेतला तो कशासाठी?

हा ३८ म्हणजे नक्की काय, याचा उलगडा आधी करावा लागतो. प्रोसेसरचा एक कोअर कुठल्याही क्षणी ३८ टक्के काम करत नसतो. तो एक तर कामात असतो, नाही तर थांबलेला. टास्क मॅनेजर साधारण दर सेकंदाला मागे वळून पाहतो, गेल्या सेकंदातला किती वेळ कामात गेला आणि किती आयडल प्रोसेसच्या नावावर पडला ते मोजतो, आणि सगळ्या कोअरची सरासरी काढून एक आकडा समोर ठेवतो. आठ कोअर आणि सोळा थ्रेडच्या प्रोसेसरवर एखादा प्रोग्रॅम वेड्यासारखा एकाच जागी फिरत बसला, तर तो एक थ्रेड पूर्ण व्यापतो. आकडा दिसतो सव्वासहा टक्के. सहा टक्क्यांकडे कोण बघतं? पण रात्रभर न हलणारे सव्वासहा टक्के हे दहा मिनिटांच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त संशयास्पद असतात.

टास्क मॅनेजर पहिल्यांदा १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये आला. तो लिहिला डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमरने. मशीनच्या गळ्यापर्यंत पाणी आल्यावरही हे हत्यार चाललं पाहिजे, असा त्याचा कटाक्ष होता. टास्क मॅनेजर स्वतःच अडकला तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप हीच तीन बटणं पुन्हा दाबावीत. अडकलेला जागा होतो का, याची विंडोज दहा सेकंदांपर्यंत वाट पाहतं आणि नाही झाला तर दुसरा उघडतं. एवढ्या काळजीने बांधलेल्या साधनाने दाखवलेला आकडा मात्र पुढच्या काळात चांगलाच गुंतागुंतीचा झाला.

विंडोज ८ पासून टास्क मॅनेजर नुसता वेळ मोजेनासा झाला. त्या वेळात प्रोसेसर किती वेगाने धावत होता, तेही तो हिशोबात धरू लागला. खोक्यावर बेस वेग ३.४ गिगाहर्ट्झ छापलेला असेल आणि प्रोसेसर टर्बोत ५.१ वर पळत असेल, तर अर्धा वेळ कामात घालवूनही आकडा ७५ दिसे. दोनतृतीयांश वेळ कामात गेला की आकडा शंभराला टेकणार. त्यापुढचं टास्क मॅनेजर कापून टाकी. म्हणजे नवं मशीन जितकं जोरात पळेल तितकं ते जास्त दमलेलं दिसायचं! उलट प्रकार याहून फसवा. प्रोसेसर काही कारणाने ०.८ गिगाहर्ट्झवर अडकला, तर तो सगळा वेळ राबत असूनही पडद्यावर विसाच्या आसपासचा आकडा दिसे. माणूस म्हणणार, प्रोसेसर तर निवांत आहे, मग माउस का अडखळतो? त्यात डिटेल्सच्या पानावर जुन्याच पद्धतीने हिशोब चाले, त्यामुळे एकाच खिडकीतल्या दोन पानांवरचे आकडे जुळत नसत. २०२५ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटमधून मायक्रोसॉफ्टने सगळीकडे एकच पद्धत लावली आणि आधीचा आकडा 'सीपीयू युटिलिटी' नावाच्या वेगळ्या रकान्यात हलवला. तेव्हा आकड्याशेजारी 'स्पीड' म्हणून जो गिगाहर्ट्झचा आकडा असतो, तो आधी वाचायची सवय नव्या पीसीवाल्याने लावून घ्यावी. तो बेस वेगाच्या खूप खाली आणि मशीन मंद, तर टास्क मॅनेजर मिटून कॅबिनेटचं झाकण उघडायला हरकत नाही.

झाकणाखाली सापडणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा हास्यास्पद असतात. नव्या कूलरच्या तळाला, जिथे तो प्रोसेसरवर टेकतो तिथे, पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. बसवण्यापूर्वी काढा, असं त्यावर छापलेलंही असतं. जोडणारा पहिल्यांदाच जोडत असला की हात थरथरत असतात, लक्ष चार स्क्रूंकडे असतं, आणि पापुद्रा तसाच खाली जातो. कूलरचा तांबडा गुळगुळीत तळ आणि प्रोसेसरचं झाकण यांच्यामध्ये मग थर्मल पेस्टसोबत प्लॅस्टिकही बसतं. मशीन सुरू होतं, विंडोजही पडतं. थोडा जोर पडला की तापमान भराभर चढतं आणि इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांत १०० अंश सेल्सिअसला, रायझन ७००० च्या मालिकेत ९५ ला पोचलं की चिप जीव वाचवायला आपणच वेग उतरवते. पाण्याने थंड करणाऱ्या कूलरचा पंप जोडायचा राहिला, तरी तेच. स्क्रू काढायचे, जुनी पेस्ट पुसायची, पापुद्रा सोलायचा, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावायची आणि कूलर पुन्हा कसायचा, एवढाच त्यावर उपाय.

दुसरी गंमत कॅबिनेटच्या मागच्या बाजूला. मॉनिटरची एचडीएमआय वायर ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत न घालता वरच्या, मदरबोर्डच्या खाचेत घातलेली असते. कित्येक हजारांचं कार्ड आत नुसतं बसून, आणि चित्र काढतोय प्रोसेसरच्या पोटातला छोटा ग्राफिक्स भाग. ग्राफिक्सचा ड्रायव्हरच पडला नसेल तर त्याहून वाईट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' दिसत असेल, तर खिडकी सरकवण्यापासून व्हिडिओ उलगडण्यापर्यंतचं सगळं ओझं प्रोसेसरच्या पाठीवर आहे असं समजावं. यूट्यूबमुळे यात आणखी एक पेच पडला. २०१८ पासून यूट्यूब एव्ही१ नावाच्या पद्धतीने व्हिडिओ देऊ लागलं. ती उलगडणारी सर्किटं साध्या पीसीच्या ग्राफिक्स कार्डांत २०२० पासून आली. बजेट आवळायला जुनं कार्ड नव्या मशीनमध्ये घालणाऱ्याला ४के व्हिडिओ लावताच प्रोसेसर उसळलेला दिसतो. बिघाड काहीच नसतो. फक्त काम भलत्याच्या गळ्यात पडलेलं असतं.

पण सगळं जागच्या जागी असलं, तरी पहिले काही दिवस नवं मशीन स्वस्थ बसत नाहीच. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते इथे शब्दशः लागू पडतं. विंडोज अपडेट मागच्या महिन्यांची भरपाई करत असतं. सर्च इंडेक्सर प्रत्येक फाइल उघडून तिची नोंद करत असतो. विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसची 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' नावाची प्रोसेस प्रत्येक फाइलचा वास घेत असते. त्यात मालक काय करतो, तर जुन्या हार्ड डिस्कवरचे पंधरा वर्षांचे फोटो पहिल्याच संध्याकाळी नव्या एसएसडीवर ओततो. लग्न, बारसं, दोन कोकण सहली, पावत्यांचे स्कॅन. त्यातली प्रत्येक फाइल उतरताक्षणी डिफेंडर तपासतो, इंडेक्सर नोंदवतो, क्लाउड ड्राइव्हचा प्रोग्रॅम इंटरनेटवर चढवतो. एकाच फोटोला तिघांचे हात लागतात, आणि हजारो फोटोंच्या रांगेत पंखा घोंघावतो.

या पार्श्वभूमीवरच्या कामांची एक खोड आहे. माणूस माउस हलवत असला की ती दबून राहतात आणि तो उठून गेला की जोर धरतात, घरातली माणसं बाहेर पडल्यावर लादी पुसायला घेणाऱ्या बाईंसारखी. विंडोजची आपोआप चालणारी देखभाल, इंडेक्सिंग, डिफेंडरची ठरलेली तपासणी ही सगळी अशीच आखलेली आहेत. त्या तपासणीने सरासरी पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त प्रोसेसर घेऊ नये, अशी मर्यादाही मूळ सेटिंगमध्ये घातलेली असते. मालकाला बाहेरून दिसतं ते मात्र भलतंच. चहा घेऊन परत येतो तर पंखा जोरात, टास्क मॅनेजर उघडला की आकडा झपकन खाली. पाहिलं की लपतं, म्हणजे नक्कीच काळंबेरं!

आणि कधीकधी ते खरोखरच काळंबेरं असतं. क्रिप्टो चलन खणणारे चोरटे प्रोग्रॅमही टास्क मॅनेजर उघडला की काम थांबवतात आणि मिटला की पुन्हा सुरू करतात. मोनेरो नावाचं चलन साध्या प्रोसेसरवर खणता येतं. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तर त्याची पद्धतच साध्या प्रोसेसरला झुकतं माप देईल अशी ठेवलेली आहे. त्यामुळे दुसऱ्याचा प्रोसेसर आणि दुसऱ्याचं वीजबिल वापरून मोनेरो काढायचा धंदा फोफावला. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या कॉइनहाइव्हने तर त्यासाठी प्रोग्रॅम टाकायचीही गरज ठेवली नाही. वेबपान उघडलं की ब्राउझरमध्येच खणती सुरू. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'ब्राउझअलाउड' या एका प्लगइनमध्ये हा कोड घुसवला गेला आणि चार हजारांहून अधिक संकेतस्थळं पाहुण्यांचे प्रोसेसर राबवू लागली. त्यात ब्रिटनच्या माहिती आयुक्तांचं, म्हणजे लोकांच्या खासगी माहितीचं रक्षण करणाऱ्या कार्यालयाचं, संकेतस्थळही होतं. कॉइनहाइव्ह मार्च २०१९ मध्ये बंद पडलं. धंदा चालूच राहिला.

लादी पुसणारी बाई आणि चोर, दोघेही घर रिकामं पाहूनच येतात. मग ओळखायचं कसं? इथे मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांचे उपकार मानावे लागतात. १९९६ पासून ते विंडोजची आतडी उलगडून दाखवणारी साधनं फुकट वाटत होते. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी संगणकात गुपचूप काय लपवून ठेवतात, ते रुसिनोविचनेच उघडकीला आणलं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. त्यांचा 'प्रोसेस एक्सप्लोरर' प्रत्येक प्रोसेस कुणी सुरू केली, तिची फाइल कुठल्या फोल्डरात आहे, तिच्यावर कुणाची डिजिटल सही आहे आणि आजवर तिने एकूण किती प्रोसेसर वेळ घेतला, हे सगळं दाखवतो. यातला शेवटचा रकाना सोन्याचा आहे. या क्षणाचा टक्का लपवता येतो, पण सकाळपासूनची बेरीज तशीच राहते. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स पानावरही 'सीपीयू टाइम' हा रकाना चालू करता येतो. चारपाच तास मशीन मोकळं सोडून परत यावं आणि कुणाच्या नावावर किती तास पडलेत ते बघावं.

सही आणि फोल्डर न पाहता ओळीवर क्लिक करून एंड टास्क मारणारे मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी देतात. हा संन्यासी बहुतेक वेळा 'एसव्हीसीहोस्ट' असतो. विंडोजच्या असंख्य सेवा या एकाच नावाच्या डब्यात बसून चालतात. आधी एका डब्यात बऱ्याच सेवा कोंबलेल्या असत. २०१७ च्या विंडोज १० पासून, मशीनमध्ये साडेतीन जीबीहून जास्त रॅम असेल तर बहुतेक प्रत्येक सेवेला वेगळा डबा मिळतो. नव्या पीसीवर एकाच नावाच्या पन्नाससाठ ओळी पाहून छातीत धस्स होतं, पण त्यामुळेच नेमकी कुठली सेवा प्रोसेसर खाते हे आता ओळखता येतं.

या संन्याशाने एकदा खरंच घोळ घातला होता. २०१३ च्या शेवटी विंडोज एक्सपीवाल्या मशीनांवर, अगदी नुकत्याच टाकलेल्या कोऱ्या एक्सपीवरही, अपडेट शोधायला गेलं की एसव्हीसीहोस्ट शंभर टक्क्यांवर जाऊन बसे. लोकांनी रॅम बदलली, विंडोज पुसून पुन्हा टाकलं, व्हायरस शोधले. कारण निघालं इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या अपडेट्सची साखळी. प्रत्येक नवं अपडेट आधीच्याला रद्द करी, आणि ही साखळी तपासायची रीत अशी होती की एक कडी वाढली की लागणारा वेळ दुप्पट. वर्षानुवर्षं कड्या वाढत गेल्या आणि एके दिवशी हिशोब मिनिटांतून तासांत गेला. जानेवारी २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या कड्या काढून टाकल्या, तेव्हा ती मशीनं शांत झाली. एक्सपीचा आधार संपायला तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते.

असा एकच कोअर जाळणारा आणखी एक किस्सा गेम खेळणाऱ्यांच्या ओठांवर आहे. 'जीटीए ऑनलाइन' सुरू व्हायला कित्येकांना सहा सहा मिनिटं लागत. टोस्ट या टोपणनावाच्या एका खेळाडूने फेब्रुवारी २०२१ मध्ये कंटाळून पाहिलं, तर त्या वेळात डिस्क गप्प, इंटरनेट गप्प, ग्राफिक्स कार्डही गप्प. प्रोसेसरचा एक थ्रेड तेवढा जिवाच्या आकांताने पळतोय. खेळाचा मूळ कोड हाताशी नसताना त्याने तो उलगडला. खेळातल्या दुकानात मिळणाऱ्या सुमारे ६३ हजार वस्तूंची दहा एमबीची यादी वाचली जात होती, आणि प्रत्येक वस्तू आत घेताना ती आधीच घेतली आहे का, हे आधीच्या सगळ्या वस्तूंशी ताडून पाहिलं जात होतं. म्हणजे जवळजवळ १९८ कोटी तुलना, आणि यादीत एकही वस्तू दोनदा नव्हती! त्याने स्वतःपुरती दुरुस्ती केली तर वेळ सत्तर टक्क्यांनी उतरला. कंपनीने त्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस दिलं आणि मार्चमध्ये ती दुरुस्ती सगळ्यांना मिळाली. तोवर कित्येकांनी याच सहा मिनिटांपायी नवे प्रोसेसर घेतले असतील.

नवा प्रोसेसर घेऊन भागतंच असंही नाही. गूगलमध्ये क्रोमवर काम करणाऱ्या ब्रूस डॉसनच्या मशीनमध्ये २४ कोअर आणि ६४ जीबी रॅम होती. २०१७ मध्ये क्रोमचा कोड बांधायला घेतला की त्याचा माउस जागच्या जागी थिजे. त्याने नोंद घेऊन पाहिलं तर अर्ध्याच्या आसपास प्रोसेसर रिकामा. कोड बांधताना हजारो छोट्या प्रोसेस जन्मतात आणि मरतात, आणि विंडोज १० च्या एका अपडेटनंतर प्रत्येक मरणाऱ्या प्रोसेसला एकाच कुलपापाशी रांग लावावी लागत होती. माउसही त्याच कुलपापाशी ताटकळे. आकडा कमी असूनही मशीन ठप्प होऊ शकतं, हे याहून चांगलं कुणी दाखवलेलं नाही.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार झाला. खेळ बंद पडताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येई, म्हणून लोक ग्राफिक्स कार्डांना दोष देत राहिले. २०२४ च्या जुलैत इंटेलने मान्य केलं की प्रोसेसरच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टपासून मायक्रोकोडची दुरुस्ती बायोस अपडेटमधून आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. त्या पिढीचा प्रोसेसर आजही कुणी स्वस्तात घेत असेल, तर विंडोज टाकण्याआधी बायोस अद्ययावत करणं भाग आहे.

खरी गंमत अशी की आकडा तिसावर गेला म्हणून घाबरणारा हाच मुलगा दुसऱ्या दिवशी आपल्या हाताने तो शंभरावर नेतो. 'प्राइम९५' चालवून मशीन तासभर तापवायचं आणि टिकतं का पाहायचं, ही नव्या पीसीची मुंजच झाली आहे. हा प्रोग्रॅम जॉर्ज वोल्टमनने १९९६ मध्ये मोठ्या मूळ संख्या शोधायला लिहिला. तो प्रोसेसर इतका पिळतो की २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक मालिकेतला एक दोष त्यामुळेच उघड झाला. परग्रहावरचे संदेश शोधायला १९९९ पासून २०२० पर्यंत 'सेटी अ‍ॅट होम'साठी जगभरच्या लोकांनी आपल्या प्रोसेसरांचा रिकामा वेळ आनंदाने दिला. कोविडच्या लाटेत 'फोल्डिंग अ‍ॅट होम'लाही दिला.

त्याहून मागे गेलं तर रिकामा प्रोसेसर ही चैन परवडणारीच नव्हती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये देशी बनावटीचा टिफ्रॅक उभा राहिला आणि १९६४ मध्ये अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला. देशभरातल्या संशोधकांची गणितं त्या एका यंत्रापाशी येत. पंचकार्डांचे गठ्ठे घेऊन आपली पाळी कधी येते याची वाट बघणाऱ्या माणसाला, 'माझा संगणक काहीही करत नसताना ३८ टक्के का दाखवतो,' ही तक्रार कळलीच नसती. त्याची तक्रार उरलेल्या ६२ टक्क्यांबद्दल असती.

त्यामुळे आकडा किती यावर डोकं तापवण्यात फारसा अर्थ नाही, आणि राबणूक कुणासाठी चालली आहे हे शोधण्यात नक्की आहे. व्हिडिओ रेंडर करताना सगळे कोअर शंभरावर गेले तर पैसे वसूल. पण कुणी सांगितलेलं नसताना चालणारे दहा टक्के कुणाचे, हे विचारायला हवं. चोर नसलेले आगंतुकही यात पुष्कळ. मदरबोर्डचा एक प्रोग्रॅम, रॅमच्या दिव्यांचा दुसरा, कूलरच्या दिव्यांचा तिसरा, आणि तिघंही सतत तापमान विचारत बसलेले, तेही फक्त कॅबिनेटमध्ये इंद्रधनुष्य फिरावं म्हणून. यातले काही प्रोग्रॅम मालकाने टाकलेलेही नसतात. विंडोज ८ पासून अशी सोय आहे की मदरबोर्डच्या बायोसमध्ये ठेवलेला प्रोग्रॅम विंडोज सुरू होताना आपोआप आत शिरू शकतो. डिस्क कोरी करून विंडोज पुन्हा टाकलं तरी तो परत हजर. २०२३ मध्ये एक्लिप्सियम या सुरक्षा संस्थेने गिगाबाइटच्या अडीचशेहून अधिक मदरबोर्ड मॉडेलांतली अशी सोय पुरेशी सुरक्षित नसल्याचं दाखवून दिलं, तेव्हा कंपनीला दुरुस्ती काढावी लागली. सुदैवाने बायोसमध्ये शोधलं तर ही सोय बंद करायचं बटण बहुतेक ठिकाणी सापडतं.

आणि मग येतो आपल्याकडचा जुना रिवाज: 'विंडोज टाकून देतो, त्याचे वेगळे नाही लावत.' मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आशियातल्या नऊ देशांतून १६६ नवे पीसी विकत घेऊन तपासले, तर ८३ टक्के मशीनांत चोरटं सॉफ्टवेअर निघालं. भारतात हे प्रमाण ९१ टक्के होतं. आकडे काढणारी कंपनी स्वतःच विंडोज विकते, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावेत. पण त्या चोरट्या सॉफ्टवेअरवाल्या मशीनांपैकी ८४ टक्क्यांत काही ना काही घातक प्रोग्रॅमही सापडला होता. फुकट विंडोज चालू करणारा 'अ‍ॅक्टिव्हेटर' नीट चालावा म्हणून आधी डिफेंडर बंद करतात किंवा त्याला अमुक फोल्डर तपासू नकोस असं सांगून ठेवतात. खणती करणाऱ्याला याहून सुरक्षित जागा कुठली मिळणार?

तेव्हा दुकानातून मशीन आणलंत की विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये जा आणि अगदी खाली असलेली एक्सक्लूजन्सची यादी पाहा. कोऱ्या मशीनवर ती रिकामी असते. तुम्ही न घातलेलं एखादं फोल्डर तिथे दिसलं, तर प्रोसेस शोधत बसू नका. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज उतरवून घ्या, डिस्क पुसा आणि पुन्हा टाका. परवान्याचे पैसे द्यायचे नसतील, तर लिनक्स फुकट आहे आणि त्याला अ‍ॅक्टिव्हेटर लागत नाही.